मागितलेत ९६ लाख, आपण कितीपासून सुरुवात करायची?

पत्र

आम्ही कोथरूडमध्ये रीसेलचा एक टू बीएचके बघतोय. सोसायटी १९९६ची, पार्किंग अधिक चार मजले, लिफ्ट नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. एजंट कार्पेट ६४० चौरस फूट सांगतो. मालक बंगळुरूला मुलाकडे असतात, घर सात-आठ महिने बंद आहे. अपेक्षा ९६ लाखांची, 'बसल्यावर थोडंफार होईल' असं एजंट म्हणतो. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून भाव चढा आहे, असंही तो सांगतो. दोन्ही बाथरूमच्या बाहेरच्या भिंतींना ओल आहे. माझे बाबा म्हणतात, ७० पासून सुरुवात करा. माझ्या नवऱ्याला वाटतं, इतकं खाली मागितलं तर मालक बोलणंच बंद करतील, त्यापेक्षा ९२ म्हणू आणि ९० ला उरकू. नेमकं कितीपासून बोलावं? किती खाली गेलं म्हणजे जास्तच खाली?
— एक वाचक, पुणे

उत्तर

बाबांचे ७० आणि तुमच्या पतींचे ९२ हे दोन्ही आकडे मालकांच्या ९६ कडे बघून काढलेले आहेत. ९६ हा मालकांना हवा असलेला आकडा आहे. त्यातून दहा टक्के वजा करा नाहीतर पंचवीस, घराची किंमत त्यातून कळत नाही. म्हणून ९६ आधी बाजूला ठेवा आणि हे घर कितीचं आहे ते स्वतः काढा. ते निघालं की कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, हे दोन्ही आकडे त्याच हिशेबातून मिळतात.

पहिलं काम टेप घेऊन जाण्याचं. एजंटचं कार्पेट (भिंती सोडून आतली वापरायची जागा) आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेलं कार्पेट यांत जुन्या इमारतींमध्ये हमखास फरक निघतो, कारण हॉलची बाल्कनी कधीतरी आत घेतलेली असते आणि ती खोली म्हणून मोजली जाते. प्रत्येक खोली, पॅसेज, बाथरूम, संडास वेगवेगळं मोजा आणि बंद केलेली बाल्कनी वेगळी लिहा. मग मालकांचा मूळ करारनामा मागून त्यातलं क्षेत्रफळ बघा. त्या काळच्या करारांत बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेलं क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं. तुमच्या मोजणीत खरोखर ६४० निघाले असं धरून पुढे जाऊ. म्हणजे मालकांचा भाव कार्पेटवर चौरस फुटाला १५,००० पडतो.

आता शेजारपाजारचे खरे व्यवहार. पोर्टलवरच्या जाहिराती या कामाला उपयोगाच्या नाहीत, तिथे फक्त अपेक्षा दिसतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'ची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून एकेका वर्षाचे नोंदलेले दस्त बघता येतात. त्या सोसायटीचा सर्व्हे नंबर मालमत्ता कराच्या बिलावर नसेल तर जुन्या करारात नक्की मिळेल. गेल्या तीन वर्षांचे शोध घ्या आणि मिळतील तेवढे सूची क्रमांक २, म्हणजे आपले इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), उघडा.

इंडेक्स टूमध्ये वरून दुसऱ्या रकान्यात 'मोबदला' असतो आणि तिसऱ्यात 'बाजारभाव'. मोबदला म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे काढलेलं मूल्य. पुष्कळ लोक घाईत बाजारभावाचाच आकडा उचलतात. चौथ्या रकान्यात मिळकतीचं वर्णन असतं: फ्लॅट नंबर, मजला, आणि क्षेत्रफळ कार्पेट की बिल्टअप. पाचव्यात क्षेत्रफळाचा आकडा, बहुधा चौरस मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक होते. समजा, त्याच सोसायटीतला ८२ लाखांचा दस्त आहे आणि क्षेत्रफळ ७१.३५ चौरस मीटर दिलंय. म्हणजे ७६८ चौरस फूट. हे कार्पेट समजून भागलंत तर भाव १०,६७७ येतो आणि तुम्ही खुशीत ६८ लाखांची ऑफर घेऊन जाता. पण ते बिल्टअप आहे, त्याचं कार्पेट ६४०, आणि खरा भाव १२,८१२. एजंटला हा फरक पाठ असतो. तिथे चूक पकडली गेली की तुमच्या बाकीच्या बरोबर आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

काही दस्त सरळ वगळा: बक्षीसपत्र, हक्कसोड, एकाच आडनावाच्या माणसांमधला व्यवहार, तळमजल्यावरचं दुकान. मोबदला बाजारभावाइतकाच, अगदी रुपयाला रुपया जुळत असेल तर त्याच्याकडेही थोडं संशयाने बघा, तिथे काही रक्कम कागदाबाहेर गेली असण्याची शक्यता असते. उरलेल्यांतून तीन-चार चांगले मिळाले तरी पुरे.

तुमच्यासाठी नमुन्याचे तीन घेऊ. हे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही शोधून भरा. पहिला, त्याच सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा ६४० चौरस फूट कार्पेट, १४ महिन्यांपूर्वी ८२ लाख. दुसरा, शेजारच्या इमारतीतला ७०० चौरस फूट, लिफ्ट आहे, गेल्याच महिन्यात ९८ लाख, म्हणजे १४,००० चा भाव. तिसरा, गल्लीपलीकडचा ६१० चौरस फूट, दोन वर्षांपूर्वी ७० लाख, म्हणजे ११,४७५. या तिन्हींना आजच्या तारखेला आणि तुमच्या घराच्या पातळीला आणायचं. भाववाढीचा दर एजंटच्या तोंडून घेऊ नका. एकाच इमारतीतले वेगवेगळ्या वर्षांचे दोन दस्त समोर ठेवले की तो दिसतो. समजा वर्षाला पाच टक्के दिसला. मग पहिला साधारण १३,५०० होतो. दुसऱ्यातून लिफ्टचे पाच टक्के काढले तर १३,३००. तिसरा १२,६००. म्हणजे या घराचा भाव १२,६०० ते १३,५०० च्या पट्ट्यात आहे आणि मधोमध १३,२०० धरायला हरकत नाही. ६४० ने गुणलं की ८४ लाख ४८ हजार. मालकांच्या आकड्यापेक्षा साडेअकरा लाख कमी, आणि अजून ओलीचा विषय निघालेला नाही.

वजावटी करताना एक पथ्य पाळा. तुलनेतले फ्लॅटही जुनेच होते, त्यांच्या जुनेपणासकट तो भाव आलेला आहे. त्यामुळे जुनी फरशी, फिकट रंग, जुना ओटा यांचे पैसे परत वजा करता येत नाहीत. मॉड्युलर किचन तुमच्या हौसेचं, त्याचा भार मालकांवर टाकू नका. वयापेक्षा जास्त जे बिघडलंय तेवढंच वजा होतं. इथे ते बाथरूम आहेत. बाहेरून ओल दिसते तेव्हा बहुतेक वेळा आतलं वॉटरप्रूफिंग संपलेलं असतं किंवा भिंतीतले लोखंडी पाइप गंजलेले असतात. नुसता वरून लेप देणाऱ्याचा अंदाज घेऊ नका, तो एका पावसाळ्यापुरता असतो. टाइल्स काढणं, पाइप बदलणं, संरक्षक थर, पाणी भरून चाचणी, परत टाइल्स, अशा पूर्ण कामाचं लेखी कोटेशन घ्या. खालच्या फ्लॅटमध्येही एकदा जाऊन या. त्यांच्या छताला गळती असेल तर त्यांची तक्रार सोसायटीत आधीच पडलेली असेल, आणि घर घेतल्यावर ती तुमच्या नावावर येईल. दोन्ही बाथरूमचं मिळून कोटेशन अडीच लाखांचं आलं असं धरू.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. शेवटचा अहवाल कधीचा, त्यात कॉलमबद्दल काय लिहिलंय, दुरुस्तीसाठी वर्गणी ठरली आहे का, या फ्लॅटची थकबाकी किती, पार्किंग सोसायटीने लेखी दिलेलं आहे की 'आम्ही नेहमी तिथेच लावतो' या तत्त्वावर आहे, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, महापालिकेचं भोगवटापत्र (राहायला दिलेली परवानगी) आहे का, हे सगळं विचारा. थकबाकी मालकांनीच फेडायची, ती वाटाघाटीचा विषय नाही. दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदाकडून १ लाख घ्यायचं ठरलं असेल तर ते वजा करा. एकूण वजावट साडेतीन लाख. मधला आकडा आता ८१ लाख झाला. खालचं टोक, १२,६०० च्या भावाने, ७७ लाख. वरचं टोक, १३,५०० च्या भावाने, ८३ लाखांच्या किंचित आत.

रिडेव्हलपमेंटवर जरा थांबू, कारण कोथरूडमधल्या जुन्या इमारतींचे भाव याच शब्दावर फुगवले जातात. 'जाणार आहे' याला किंमत नसते, कागद कुठवर पोचलाय त्याला असते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने या प्रक्रियेचे टप्पे घालून दिले आहेत: सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, त्याचा व्यवहार्यता अहवाल, निविदा, आणि किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीने निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकसकाची निवड. त्यानंतर विकसन करारनामा नोंदवला जातो. सेक्रेटरींना एकच विचारा: शेवटचा झालेला टप्पा कोणता आणि त्याचं इतिवृत्त बघायला मिळेल का? नुसती चर्चा किंवा नुसता ठराव असेल तर एक रुपयाही जास्त देऊ नका. ठराव होऊन दहा-दहा वर्षं तिथेच अडलेल्या सोसायट्या पुण्यात पुष्कळ आहेत. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर नाही, आणि विकसक तिथेच रेंगाळतो. सोसायटीसमोरचा रस्ताही मोजा. २०२०च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. मग विकसकाच्या हाती विकायला फारसं काही उरत नाही, आणि सभासदांना वाढीव जागेची जी स्वप्नं दाखवली जातात ती कागदावरच राहतात.

करारनामा नोंदवला गेला असेल तर गोष्ट वेगळी. मग तुम्ही घर विकत घेत नाही, त्या करारातले मालकांचे हक्क विकत घेता: किती कार्पेट मिळणार, बांधकाम होईपर्यंतचं भाडं किती, कॉर्पस (विकसक सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम) कोणाच्या खात्यात जाणार. तो करार वकिलाकडून वाचून घ्या. आधी बँकेला विचारा, कारण पाडायला निघालेल्या इमारतीवर कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात. वर धरलेली दुरुस्तीची वर्गणी खरोखर ठरली असेल तर एक खूण आधीच दिसते: जी सोसायटी कॉलम दुरुस्तीसाठी वर्गणी काढते ती पुढच्या वर्षी पाडली जाणार नसते. एजंटने रिडेव्हलपमेंटचं नाव काढलं की ही वर्गणी शांतपणे समोर ठेवा.

आता 'किती खाली गेलं म्हणजे जास्तच खाली' याचं उत्तर. याला एक कायद्याची तळरेषा आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. नुकसान तिथेच थांबत नाही. रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो सगळा फरक आयकराच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न धरला जातो, आणि मालकांनाही भांडवली नफ्याचा कर जास्त मूल्यावर भरावा लागतो. वकिलाकडून इमारतीच्या वयाचा घसारा धरून या फ्लॅटचं मूल्यांकन काढून घ्या. ते ८० लाख आलं असं समजा. मग सुरक्षित तळ म्हणजे ८० भागिले १.१, साधारण ७२ लाख ७३ हजार. ७२ ला व्यवहार झाला तर ८ लाख तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह अडीच लाख कर. म्हणून बाबांचे ७० लाख मालकांनी लगेच मान्य केले तरी ते तुम्हाला परवडणारे नाहीत.

बाबांच्या आकड्यामागे मात्र एक जुना व्यवहारी हिशेब आहे, तो समजून घ्या. ७० आणि ९६ चा मध्य ८३. घासाघीस शेवटी मध्यावर येते हे त्यांना ठाऊक आहे. अडचण अशी की, ७० हा आकडा कशावरही उभा नाही. एजंट तो मालकांपर्यंत पोचवतो तेव्हा 'पार्टी सिरियस नाही' एवढंच सांगतो, आणि बंगळुरूत बसलेल्या माणसाला तुमच्याबद्दल तेवढंच कळतं. तुमच्या पतींच्या ९२ चा दोष जास्त मोठा आहे. एकदा ९२ म्हटलं की त्याखाली परत येता येत नाही.

तुमची पहिली ऑफर ७७. ती मालकांच्या आकड्यापेक्षा जवळजवळ २० टक्के खाली आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक रुपयाखाली कागद आहे: गल्लीपलीकडचा दस्त, बाथरूमचं कोटेशन, सोसायटीची वर्गणी. खाली मागण्याची मर्यादा हीच धरा. ज्या आकड्याचा हिशेब समोरच्याला वाचून दाखवता येतो, तिथपर्यंत खाली जा, त्याच्या खाली नको. हिशेबातून ८८ निघाले असते तर मी तुम्हाला ८५ पासून बोला असं सांगितलं असतं. घर नुकतंच बाजारात आलेलं असेल, तीन पार्ट्या येऊन गेल्या असतील आणि अपेक्षा इंडेक्स टूशी जुळत असेल, तर घासाघीस न करता जवळपास तोच आकडा द्यावा. तुमच्या घराचं तसं नाही. ते सात-आठ महिने बंद आहे, मेंटेनन्स आणि कर चालूच आहेत, आणि मालक परगावी आहेत.

तोंडी ऑफर देऊ नका. एजंटला आणि शक्य असेल तर मालकांनाही व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. मजकूर साधारण असा: 'फ्लॅटसाठी आमची ऑफर ७७ लाख रुपये, पूर्ण रक्कम बँकेतून. कर्ज पूर्वमंजूर आहे. होकार मिळाल्यापासून सात दिवसांत विसार (आगाऊ रक्कम), तीस दिवसांत साठेखताची नोंदणी, कर्जाची रक्कम आल्यावर खरेदीखत आणि ताबा. सोसायटीची थकबाकी ताब्यापर्यंत मालकांकडे. सोबत तीन नोंदणीकृत व्यवहारांचे इंडेक्स टू, बाथरूमच्या कामाचं कोटेशन आणि सोसायटीच्या वर्गणीच्या ठरावाची प्रत. ऑफर दहा दिवस खुली आहे.' हा मजकूर पाठवण्याआधी बँकेचं मंजुरीपत्र खरोखर हातात असू द्या. मालकांच्या दृष्टीने ते पत्र लाखभर रुपयांचं असतं, कारण कर्ज नाकारलं जाऊन तीन महिने वाया गेल्याचा अनुभव रीसेलमध्ये बहुतेकांना आलेला असतो.

मालक खाली येतील तेव्हा तुम्ही वर जा, पण प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा लहान ठेवा: ७७, मग ७९.५०, मग ८१, मग ८१.७५. पायऱ्या लहान होत गेल्या की तुमची हद्द जवळ आली हे न बोलता कळतं. दोन पायऱ्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, त्याच फोनवर आकडा वाढवू नका. मालकांनी उलट आकडा न देता नुसतं 'अजून वाढवा' म्हटलं तर वाढवू नका, त्यांचा आकडा मागा. कधीतरी एजंट म्हणेल, 'चला, मध्यावर मिटवू.' ७७ आणि ९६ चा मध्य साडेशहाऐंशी, तुमच्या वरच्या टोकापेक्षा साडेतीन लाख जास्त. ज्याने आधी आकडा फुगवला त्याच्याच बाजूने असा मध्य झुकतो. त्याला उत्तर एकच: मध्य इंडेक्स टूच्या भावांचा काढू.

वरचं टोक ८३ ठरवलंत तर ते घरच्या तिघांनाच माहीत असू द्या. एजंटला सांगू नका. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याचं गणित वेगळं असतं. एक टक्का दलाली धरली तर तुमचा एक लाख वाचला की त्याचे हजार रुपये जातात, आणि व्यवहार फिसकटला तर सगळेच. त्याला लवकर मिटायला हवं असतं, कितीला मिटतं ते नंतर.

शेवटच्या लाखावर अडलात तर लाखाची किंमत माहीत असावी. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के आहे. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर महिलांच्या सवलतीने ६. मग पतींना सहकर्जदार होता येतं, पण मालक नसल्याने गृहकर्जाची करसवलत त्यांना मिळत नाही, याचा विचार करून ठरवा. ८० टक्के कर्ज धरलं तर किमतीतला प्रत्येक जास्तीचा लाख म्हणजे आज खिशातून २७,००० आणि साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं महिना जवळपास ७०० रुपये. दोन्ही मिळून एक लाख चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास. हे घर मनापासून हवं असेल तर एका लाखासाठी ते सोडू नका. पाच लाखांसाठी मात्र सोडा.

८१ लाखांवर तुमच्या हातात किती रोकड हवी तेही आजच मांडा. स्वतःचा हिस्सा २० टक्क्यांनी १६ लाख २० हजार, मुद्रांक ५ लाख ६७ हजार, नोंदणी शुल्क ३० हजार, दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी धरून ९६ हजारांपर्यंत, सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम, वकील, बँकेचं शुल्क. महापालिका हद्दीत हा प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, कोणी 'बिल्डिंग फंडाला देणगी' म्हणून लाखभर मागितले तर शासनाचं परिपत्रक दाखवा. वर दुरुस्तीचे साडेतीन लाख. एकूण सव्वासत्तावीस लाखांच्या घरात. बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतल्या लहान आकड्यावर कर्ज देते. तुम्ही ९० ला उरकलं असतं आणि बँकेने ८२ धरले असते, तर वरचे आठ लाख पूर्ण तुमच्या खिशातून गेले असते. पतींना हे एवढं दाखवा, पुरेसं होईल.

दोन गोष्टी आकडा ठरण्याआधीच मालकांच्या कानावर घाला, म्हणजे शेवटच्या दिवशी भांडण होत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून सरकारात भरावा लागतो, आणि तो ठरलेल्या किमतीतूनच कापला जातो. आणि घरावर त्यांचं कर्ज असेल तर थकबाकीचं पत्र व बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी सुरुवातीलाच लागेल.

'कागदावर ७० दाखवू, बाकी रोख द्या' असं आलं तर नकार द्या, आकडा कितीही गोड केला तरी. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. कर्ज कागदावरच्या लहान आकड्यावरच मिळेल, रोखीचा पुरावा राहणार नाही, आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी ७० चीच धरून नफ्यावर कर लागेल. शिवाय तुमच्या उदाहरणात ७० म्हणजे मघाच्या तळरेषेच्याही खाली.

मालक ८७ च्या खाली येतच नसतील तर ऑफर तशीच लेखी ठेवून दुसरी घरं बघायला लागा. महिनाभराने एजंटला एक साधा मेसेज टाका, 'आमची ८१.७५ ची ऑफर अजून आहे.' बंद घराचा आणखी एक महिना गेलेला असतो.

जमलं तर विसार चेकने किंवा बँक ट्रान्सफरनेच द्या, लाखाच्या आत ठेवा, आणि पावतीवर ठरलेली किंमत, पैशांचं वेळापत्रक, ताब्याची तारीख लिहून घ्या. मालकांच्या मूळ करारावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर पावतीवर दोघांच्या सह्या हव्यात, एकाच्या चालणार नाहीत. आणि हे वाक्य त्यात असलंच पाहिजे: 'वकिलांच्या शोध अहवालात किंवा जाहीर नोटिशीनंतर हक्कात दोष आढळल्यास, अथवा कायदेशीर किंवा तांत्रिक कारणाने बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल.' हे लिहून द्यायला तयार नसतील तर विसार देऊ नका.